गांजाची दुकाने कोकणाला झेपतील काय?

दापोलीकर :
ऑगस्ट २०२३ मध्ये कर्दे, लाडघर, केळशीच्या किनाऱ्यांवर चरसची, म्हणजे गांजाच्याच झाडाच्या राळेची, पाकिटे वाहून आली, तेव्हापासून आमच्याकडे एक युक्तिवाद वरचेवर कानी पडतो, की बंदी असूनही माल येतोच, तर गांजा सरकारने परवान्याने विकावा आणि कर घ्यावा. मला हे पटत नाही. कॅनडाने ऑक्टोबर २०१८ मध्ये गांजा खुला केला आणि वर्षभराने गांजायुक्त खाद्यपदार्थांनाही परवानगी दिली. एका वेष्टनात १० मिलिग्रॅमहून अधिक टीएचसी (गांजातील नशा आणणारा घटक) नको, वेष्टन मुलांना सहज उघडता येऊ नये, असे नियम असतानाही विषबाधेमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्या लहान मुलांचे प्रमाण तेथे वाढले. आमच्याकडे तर अत्यवस्थ रुग्णाला मुंबईला नाही तर घाट चढून कोल्हापूरला पाठवण्याचीच रीत आहे.

मालवणचा वाचक :
दापोलीकर, आपण दिलेले उदाहरण पुरते पाहावे. क्वेबेक प्रांताने गांजाच्या मिठाया विक्रीस येऊच दिल्या नाहीत, आणि मुलांना दाखल करावे लागण्याच्या प्रमाणातील वाढ तेथे इतर मोठ्या प्रांतांपेक्षा कमी राहिली. परवाना कशाला दिला, यावर बरेच ठरते. किनाऱ्याला लागलेल्या त्या पाकिटांवर टीएचसी किती आणि भेसळ कशाची, हे कोणी लिहिले होते? शिवाय १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने फुलोऱ्याचे शेंडे गांजा ठरवून नुसती पाने वगळल्यामुळे काही राज्यांत भांग आजही सरकारी परवान्याने विकली जाते, म्हणजे नियमन आपल्याला अगदीच अनोळखी नाही.

रत्नागिरीहून :
भांगेचा दाखला येथे अपुरा पडतो. जास्त टीएचसीचा माल कोवळ्या वयात रोज घेणाऱ्यांमध्ये मनोविकृतीचा धोका वाढतो, आणि मी व्यसनमुक्तीच्या कामात जे पाहतो ते असे, की मुलगा भ्रमात बोलू लागला तरी घरचे आधी देवळात गाऱ्हाणे घालतात, मग पोलिसांच्या भीतीने गप्प बसतात आणि रुग्णालयात फार उशिरा येतात. स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला, प्रकरण सेवनाचे किंवा अल्प प्रमाणाचे असेल तर, त्याच कायद्याचे कलम ६४अ खटल्यापासून संरक्षण देते, हे मला भेटलेल्या पालकांपैकी क्वचितच कोणाला ठाऊक असते. ती भीती घालवायला दुकान उघडावे लागत नाही.

मालवणचा वाचक :
कलमाचा मुद्दा मान्य. परंतु ज्याला उपचारांची गरज नाही, जो अधूनमधून ओढतो, तो माल त्याच विक्रेत्याकडून घेतो, ज्याच्या खिशात दुसऱ्या पुड्याही असतात.

दापोलीकर :
परवाना दिला की त्या विक्रेत्याचा धंदा बसेल, हे गृहीत धरू नये. कॅलिफोर्नियात जानेवारी २०१८ पासून परवान्याची दुकाने आहेत आणि काळा बाजारही चालूच आहे, कारण कर भरलेला माल महाग पडतो. आमच्या खाड्यांत रात्री उतरणाऱ्या मालाला कर कोण लावणार?