मरळीसाठी दुपारीही बेडूकच

पहाटे व तिन्हीसांजेला पाण्यावर तरंगणारे ल्युअर (गळाला लावायचे नकली आमिष) आणि भर दुपारी तळाशी जाणारे, हा लार्जमाउथ बासचा नियम आपल्याकडच्या मरळीलाही जसाच्या तसा लावावा, असे एकाने सुचवले आहे. त्यात थोडी दुरुस्ती करावीशी वाटते. बास हा मूळचा उत्तर अमेरिकेतला मासा. कमी उजेडात तो उथळ पाण्यात शिकारीला येतो आणि ऊन चढले की सावलीला किंवा खोल पाण्यात सरकतो, म्हणून तिकडे दुपारी रबरी गांडूळ तळावरून हळूहळू ओढतात. मरळ मात्र हवा घेण्यासाठी अधूनमधून वर येतेच. त्यामुळे सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणा संगमाच्या वरच्या अंगाला, जलपर्णीच्या कडेने मी दुपारीही पोकळ रबरी बेडूकच वापरतो. फक्त तो पानांवर टाकून, दहा-बारा आकडे मोजून, मग अलगद पाण्यात उतरवतो. सकाळी तोच सलग ओढला तरी चालतो. झडप दिसताच हिसका देण्याची घाई मात्र करू नये. त्यापायी माझा रिकामा बेडूक एकदा कानाजवळून सणसणत गेला आहे. रंगाचा काथ्याकूट मला फारसा पटत नाही. मावळत्या उजेडात काळा घ्यावा, कारण खालून पाहणाऱ्या माशाला आभाळाच्या पार्श्वभूमीवर त्याची आकृती ठळक दिसते.