मॉनिटर, कीबोर्ड, खुर्ची : खरेदीदारांचे अभिप्राय एकमेकांशी जुळत नसतील तर कोणता ग्राह्य धरावा?

अक्षरजुळणी

नमस्कार. मी मुद्रितशोधनाचे आणि भाषांतराचे काम घरून करते, त्यामुळे दिवसाचा बराचसा वेळ देवनागरी मजकूर वाचण्यात आणि टंकित करण्यात जातो. सध्याचा लॅपटॉप कायम ठेवून त्याला जोडण्यासाठी २७ इंची मॉनिटर, वेगळा कीबोर्ड, बाहेरून जोडायची एसएसडी (फाइली साठवण्याचा ड्राइव्ह) आणि बसायला नीट खुर्ची घेण्याचा विचार आहे. टेबल आहे तेच राहील. त्याची उंची ७५ सेंटीमीटर असून ती कमी-जास्त करता येत नाही.

माहिती हवी तेवढी उपलब्ध आहे, पण ती आपापसांत जुळत नाही. एकाच मॉनिटरबद्दल एक खरेदीदार लिहितो की अक्षरे छापल्यासारखी रेखीव दिसतात, आणि लगेच त्याखाली दुसरा लिहितो की अक्षरे धूसर असल्यामुळे त्याने मॉनिटर परत केला. खुर्चीच्या बाबतीत तर पाठदुखी थांबली आणि पाठदुखी सुरू झाली, अशी दोन्ही विधाने एकाच मॉडेलखाली सापडतात. दोघांपैकी एक जण खोटे लिहीत असावा असे मानणे मला पटत नाही, आणि ताऱ्यांची सरासरी या सगळ्यावर नुसते पांघरूण घालते.

एकाच वस्तूचे इतके टोकाचे अनुभव का येतात, आणि त्यांतून आपल्या कामाशी जुळणारा अनुभव कसा ओळखावा? या वस्तू ज्यांनी दीर्घकाळ वापरल्या आहेत त्यांनी कृपया लिहावे. कंपनीचे नाव सुचवले नाही तरी चालेल.

ठिपकेदार

मी मॉनिटरपुरते लिहितो. आपण दिलेले दोन्ही अभिप्राय खरे असू शकतात, कारण अक्षरांचा रेखीवपणा एकट्या मॉनिटरवर अवलंबून नसतो. पडद्यावरील ठिपक्यांची घनता, संगणकाची कार्यप्रणाली अक्षरे कशी रेखाटते ती पद्धत, आणि दोघांना जोडणारी केबल, या सर्वांचा मिळून तो परिणाम असतो. लिहिणारा मात्र श्रेय किंवा दोष डोळ्यांसमोरच्या वस्तूला देऊन मोकळा होतो.

आधी घनता पाहू. २७ इंची पडद्यावर १९२० × १०८० रिझोल्यूशन असेल तर इंचाला सुमारे ८२ ठिपके येतात, २५६० × १४४० असेल तर १०९, आणि ३८४० × २१६० म्हणजे फोर-के असेल तर १६३. रोमन लिपीत काम करणाऱ्यांना १०९ ठिपके पुरेसे वाटतात आणि त्यांच्यापुरते ते बरोबरही आहे. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर रफार, मात्रा आणि अनुस्वार दाटीवाटीने बसतात. 'सर्वांनी' किंवा 'कार्यकर्त्यांनी' हे शब्द लहान आकारात आणून पाहावेत, म्हणजे कमी घनतेच्या पडद्यावर रफार आणि अनुस्वार यांचा एकच डाग कसा होतो ते दिसेल. मुद्रितशोधकाला तर 'द्ध' आणि 'ध्द' यांतला फरक नजरेच्या ओघात टिपायचा असतो. त्यामुळे आपल्यासाठी मी फोर-केच सुचवेन.

दुसरी बाब कार्यप्रणालीची. विंडोजमध्ये क्लिअरटाइप नावाची सोय आहे, जी प्रत्येक ठिपक्यातील लाल, हिरव्या आणि निळ्या भागांचा स्वतंत्र उपयोग करून अक्षरांच्या कडा सुबक करते. मॅकओएसमध्येही अशी पद्धत होती, पण २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून ती आपोआप चालू राहीनाशी झाली. म्हणून १४४० ओळींचा तोच मॉनिटर विंडोजच्या वापरकर्त्याला रेखीव वाटतो आणि मॅकच्या वापरकर्त्याला धूसर. अभिप्रायात संगणक कोणता हे लिहिलेले नसेल, तर अक्षरांबद्दलचे त्यातील मत मी विचारातच घेत नाही.

केबलकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट १.४ आवृत्तीचा असेल, तर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते आणि माउसचा बाण ओढल्यासारखा जड वाटतो; ६० साठी २.० आवृत्ती लागते. काही उपकरणे ६० चा आकडा गाठण्यासाठी रंगांची माहिती कमी करून पाठवतात. चित्रपट पाहताना ते कळत नाही, पण पांढऱ्यावरची लाल किंवा निळी अक्षरे कडेने पसरतात, आणि आपल्या कामात दुरुस्त्या बहुधा लाल रंगातच असतात. यूएसबी-सीने जोडणार असाल तर लॅपटॉपच्या त्या पोर्टमधून डिस्प्लेपोर्टचे चित्र बाहेर येते का हे त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहावे, आणि फोन चार्ज करण्याची केबल वापरू नये. तशा पुष्कळ केबल आतून फक्त यूएसबी २.० च्या असतात आणि त्यांतून चित्र जात नाही. "मॉनिटर चालूच झाला नाही" अशा एक-तारा तक्रारींपैकी काही तरी याच जातीच्या असतात असा माझा अंदाज आहे.

पॅनेलबद्दल, म्हणजे पडद्याच्या प्रकाराबद्दल, फार लिहीत नाही. दिवसभराच्या वाचनासाठी आयपीएस प्रकार ठीक आहे. व्हीए पॅनेलचा काळा रंग अधिक गडद असतो, पण बाजूने पाहिल्यास त्याच्या छटा बदलतात. ओएलईडीमध्ये ठिपक्यातील रंगांची मांडणी वेगळी असल्यामुळे अक्षरांना रंगीत कडा दिसू शकतात.

पाठराखण

खुर्चीबद्दल मी लिहिते, कारण कार्यालयांसाठी आसने निवडण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे. लिहिणाऱ्याची उंची आणि साधारण वजन दिलेले नसेल तर खुर्चीचा अभिप्राय वाचण्यात अर्थ नाही, मग तो कितीही मनापासून लिहिलेला असो.

कारण खुर्चीची बैठक पुढून मागे किती खोल आहे यात आहे. पाठ टेकवून बसल्यावर बैठकीची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांमध्ये दोन-तीन बोटांचे अंतर राहायला हवे. उंच माणसाला जी बैठक नेमकी होते, तीच बुटक्या व्यक्तीच्या गुडघ्यामागे रुतते. ती व्यक्ती मग नकळत पुढे सरकते, पाठ टेकत नाही, आणि कमरेचा आधार कितीही उत्तम असला तरी तो कमरेपर्यंत पोहोचतच नाही. एकाची पाठदुखी थांबते आणि दुसऱ्याची सुरू होते ती अशी. बैठक पुढे-मागे सरकवता येणारी खुर्ची घेतली तर हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो. माझ्या मते हात टेकण्याच्या चौफेर फिरणाऱ्या दांड्यांपेक्षा ही सोय कितीतरी मोलाची आहे, पण जाहिरातीत जागा मिळते ती दांड्यांना.

आपल्या टेबलाची उंची मला अधिक काळजीची वाटते. ७५ सेंटीमीटर ही मध्यम किंवा कमी उंचीच्या व्यक्तीसाठी टंकलेखनाला जास्त उंची आहे. कोपर टेबलाच्या पातळीत आणण्यासाठी आपण खुर्ची वर घ्याल, आणि मग पाय अधांतरी राहून मांडीच्या मागच्या भागावर दाब येईल. त्यामुळे पाय ठेवण्यासाठी तिरका पाट खुर्चीसोबतच घ्यावा. खुर्चीचे हात टेबलाच्या फळीखाली जातात का हेही आधी मोजावे. खाली खण असेल तर ते अडतात आणि खुर्ची कायम टेबलापासून लांब राहते.

अभिप्राय कधी लिहिला हेही पाहावे. खुर्चीबद्दलचे बहुतेक कौतुक पहिल्या आठवड्यात लिहिले जाते, तर फोम बसतो तो काही महिन्यांनी. कृत्रिम चामड्याचा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत हळूहळू विघटित होतो आणि दोन-चार वर्षांत पापुद्रे सुटू लागतात. या दोन्ही गोष्टी पाच-तारा अभिप्रायांत सापडणार नाहीत, कारण ते लिहिले तेव्हा घडल्याच नव्हत्या. ईएन १३३५ (युरोपीय) किंवा बिफमा एक्स५.१ (अमेरिकी) या कार्यालयीन खुर्च्यांच्या मानकांनुसार चाचणी झाली असेल तर चांगलेच. पण त्यावरून मुख्यतः खुर्ची किती मजबूत आणि सुरक्षित आहे ते कळते, ती आपल्याला मानवेल की नाही ते कळत नाही.

दूरदर्शी

ठिपकेदार यांनी १४४० ओळींचा मॉनिटर फारच झटपट बाद केला. १०९ घनतेच्या पडद्यावर एका ठिपक्याची रुंदी साधारण ०.२३ मिलिमीटर असते, आणि ८० सेंटीमीटर अंतरावरून ती डोळ्याशी एका अंशाचा साठावा भाग एवढाच कोन करते. सामान्य चांगल्या दृष्टीची मर्यादा तेथेच मानली जाते. म्हणजे तेवढ्या अंतरावर बसणाऱ्याला ठिपके वेगळे दिसणार नाहीत. शिवाय फोर-के पडदा १५० टक्के आकारमानावर ठेवला की त्यावर मावणारा मजकूर १४४० च्या पडद्याइतकाच असतो. जास्त ओळी दिसतील या आशेने कोणी तो घेणार असेल तर त्याची निराशा होईल.

ठिपकेदार

हिशेब बरोबर आहे, परंतु ८० सेंटीमीटर अंतर मिळायला टेबल तेवढे खोल हवे. ६० सेंटीमीटर खोलीच्या टेबलावर मॉनिटरचा पायाच २० सेंटीमीटरच्या आसपास जागा घेतो, आणि पडदा डोळ्यांपासून ५०-६० सेंटीमीटरवर येतो. तेथे फरक दिसतो. मॉनिटर टेबलाच्या कडेला आवळलेल्या हातावर (मॉनिटर आर्मवर) बसवला तर तो मागे ढकलता येतो, पण त्यासाठी पाठीवर १०० × १०० मिलिमीटरची व्हेसा मानकाची स्क्रूची छिद्रे आहेत का ते तपासावे, आणि फळी भुश्याच्या दाबीव लाकडाची असेल तर शिकंजाखाली धातूची पट्टी घालावी. अशा हातांबद्दल "मॉनिटर आपोआप वर जातो" किंवा "खाली येतो" अशा तक्रारी पुष्कळ असतात. ताण कमी-जास्त करण्याचा स्क्रू मॉनिटरच्या वजनाप्रमाणे फिरवलेला नसणे हेच त्यामागचे सर्वसाधारण कारण असते. हाताची वजनमर्यादा वरची असते तशी खालचीही असते, हेही ध्यानात घ्यावे.

उजवी करंगळी

कीबोर्डबद्दल कोणीच लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. आपण इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींसाठीच्या कळमांडणीने टंकित करत असाल तर इंग्रजीतून टंकलेखन करणाऱ्यांचे अभिप्राय आपल्याला एका महत्त्वाच्या बाबतीत काहीही सांगत नाहीत. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. 'च', 'ट', 'ड' आणि 'य' ही अक्षरे अनुक्रमे अर्धविराम, अवतरणचिन्ह, चौकटी कंस आणि तिरकी रेघ यांच्या कळांवर येतात. इंग्रजी लिहिणारा या कळांना अधूनमधून स्पर्श करतो, तर मराठी लिहिणाऱ्याला 'य'शिवाय एक वाक्यही पुरे करणे कठीण. जागा वाचवण्यासाठी आखूड केलेल्या काही कीबोर्डांत नेमक्या याच कळा अरुंद केलेल्या असतात, आणि अशा कीबोर्डाला उत्तम अभिप्राय मिळालेले असतात.

'ऑ' आणि 'ॉ' उलट्या तिरक्या रेघेच्या कळेवर असतात. आडवा एंटर असलेल्या अमेरिकी मांडणीत ती कळ एंटरच्या वर असते, तर उभा मोठा एंटर असलेल्या युरोपीय मांडणीत ती दुसरीकडे हलवलेली असते. 'डॉक्टर', 'ऑफिस' यांसारखे शब्द रोज लिहायचे असतील तर बोटांना सवय असलेली मांडणीच घ्यावी, आणि खरेदीपूर्वी छायाचित्रात एंटरचा आकार पाहावा. मेकॅनिकल घ्यावा की साधा, हा आवडीचा प्रश्न आहे. मात्र टिकटिक आवाजाचे स्विच घरातील इतरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

अक्षरजुळणी

सर्वांचे आभार. टेबलाची खोली मोजली, ती ६० सेंटीमीटरच आहे, आणि लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर येते असे माहितीपुस्तिकेत आहे. त्यामुळे फोर-के निश्चित केला. मी इनस्क्रिप्टच वापरते, आणि 'य'ची कळ अरुंद असू शकते हे माझ्या कधी लक्षातही आले नसते. आता एसएसडीचे कसे करावे? तेथे हजारो पाच-तारा अभिप्राय असलेले काही ड्राइव्ह अविश्वसनीय वाटावे इतक्या मोठ्या क्षमतेचे दिसत आहेत.

जतनकर्ता

अविश्वसनीय वाटतात त्यांवर विश्वास ठेवू नये. बोटाएवढ्या पेटीत १६ टीबी असल्याचा दावा करणाऱ्या स्वस्त ड्राइव्हमध्ये प्रत्यक्षात थोडीशीच मेमरी असते, आणि आतला कंट्रोलर (मेमरी सांभाळणारी चिप) संगणकाला खोटा आकडा सांगतो. खरी क्षमता संपली की पुढच्या फाइली जुन्यांवर लिहिल्या जातात किंवा हरवतात, पण फाइलींची नावे यादीत दिसत राहतात. ज्याने थोडीशी छायाचित्रे टाकून पाहिली त्याला सर्व काही ठीक दिसते आणि तो पाच तारे देतो. याउलट "१ टीबीऐवजी ९३१ जीबीच मिळाले" ही तक्रार निराधार आहे. निर्माता दशमान पद्धतीने मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत.

प्रामाणिक ड्राइव्हच्या बाबतीतही जुने अभिप्राय जपून वाचावेत. मॉडेलचे नाव तेच ठेवून आतील मेमरी किंवा कंट्रोलर बदलल्याची प्रकरणे २०२१ मध्ये नामांकित कंपन्यांबाबतही उघड झाली होती, म्हणून मी अलीकडच्या काही महिन्यांतले अभिप्रायच पाहतो. वेगाच्या मोठ्या आकड्यांमागे लागू नये, कारण सेकंदाला २० गिगाबिटचा ड्राइव्ह घेतला तरी लॅपटॉपचा पोर्ट १० चा असेल तर वेग १० चाच मिळेल. टिकाऊपणाची चिंताही नको. १ टीबीच्या टीएलसी (मेमरीच्या एका पेशीत तीन बिट साठवणाऱ्या) ड्राइव्हला ६०० टीबी लिहिण्याची हमी सर्रास आढळते. रोज २० जीबी लिहिले तरी ती मर्यादा गाठायला ८० वर्षे लागतील.

ड्राइव्ह हाती आल्यावर परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी त्याची पूर्ण क्षमता तपासावी. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्स किंवा मॅकवर एफथ्री हे मोफत प्रोग्रॅम रिकामी जागा काठोकाठ भरतात आणि लिहिलेले सर्व परत वाचून पाहतात. मोठ्या ड्राइव्हला त्यासाठी काही तास लागू शकतात, म्हणून चाचणी रात्री लावून ठेवावी, आणि ती पूर्ण होईपर्यंत आपले कोणतेही हस्तलिखित त्यावर ठेवू नये.