पॉल रिव्हियर: इतिहासातले आणि गाण्यांतले

धांडोळा (प्रश्न):
पॉल रिव्हियर हे नाव मी प्रथम ऐकले ते साठच्या दशकातील 'पॉल रिव्हियर अँड द रेडर्स' या रॉक बँडमुळे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाशी त्याचा संबंध नंतर कळला. १८ एप्रिल १७७५च्या रात्री 'ब्रिटिश आले' अशी आरोळी ठोकत एकट्याने दौडणारा वीर ही त्यांची प्रतिमा कितपत खरी आहे, आणि लोकप्रिय संगीतात हे नाव कशामुळे रुजले, याविषयी जाणकारांनी लिहावे.

जुनी बखर:
ही प्रतिमा बव्हंशी अमेरिकन कवी लाँगफेलो यांच्या 'पॉल रिव्हियर्स राइड' या कवितेने घडवली आहे. १८६१च्या जानेवारीत 'अटलांटिक मंथली'मध्ये ती छापली गेली, तेव्हा देश यादवीच्या उंबरठ्यावर होता आणि एकट्याने गावे जागवणारा नायक वाचकांना हवाच होता. प्रत्यक्षात ब्रिटिश फौज बॉस्टनहून निघत असल्याचा इशारा द्यायला रिव्हियर यांनी नावेतून चार्ल्स नदी ओलांडून पलीकडे उसना घोडा घेतला, तर दुसरे निरोप्ये विल्यम डॉज जमिनीच्या वाटेने निघाले. लेक्झिंग्टन गावी सॅम्युएल ॲडम्स आणि जॉन हॅनकॉक या बंडखोर नेत्यांना इशारा मिळाला खरा, पण पुढे रिव्हियर ब्रिटिश गस्तीच्या हाती सापडले आणि पुढच्या काँकर्ड गावी पोहोचले ते वाटेत भेटलेले डॉक्टर प्रेस्कॉट. बॉस्टनच्या ओल्ड नॉर्थ चर्चच्या मनोऱ्यावर त्या रात्री खूण म्हणून टांगलेले दोन कंदील रिव्हियर यांच्यासाठी नव्हतेच. ते नदीपलीकडच्या साथीदारांसाठी होते आणि ती योजना रिव्हियर यांचीच होती.

आरोळीचे म्हणाल तर, हॅनकॉक उतरले होते त्या घरावर पहारा देणाऱ्या सार्जंटने गोंगाट करू नका असे बजावले, तेव्हा 'थोड्याच वेळात पुरेसा गोंगाट होईल, फौज निघाली आहे' अशा अर्थाचे उत्तर रिव्हियर यांच्याकडून मिळाल्याचे त्यानेच पुढे सांगून ठेवले आहे. मला तरी कवितेपेक्षा हा खडूस माणूस अधिक आवडतो.

तालमात्रा:
बँडच्या नावामागे देशभक्ती शोधू नये. ऑर्गन वाजवणाऱ्या संस्थापकाचे जन्मनावच पॉल रिव्हियर डिक होते. आयडाहो राज्यातील या मंडळींनी पुढे तिकोनी टोप्या आणि स्वातंत्र्ययुद्धातील फौजी कोट चढवले, आणि नेमक्या त्याच वर्षांत बीटल्सपाठोपाठ इंग्लिश बँडनी अमेरिकन बाजार काबीज केल्याने त्या वेषाला आयताच विनोद लाभला. विरोधाभास असा की १९७१ मध्ये त्यांचे जे गाणे बिलबोर्डवर पहिल्या क्रमांकावर पोहोचले, ते 'इंडियन रिझर्व्हेशन', चेरोकी या अमेरिकेतील मूळनिवासी लोकांच्या हिरावलेल्या जमिनीचे आणि जीवनाचे गाणे होते. तोवर बँडच्या नावातून पॉल रिव्हियर गळून नुसते 'रेडर्स' उरले होते.

इतरत्र तर आणखी मौज आहे. १९५०च्या 'गाइज अँड डॉल्स' या ब्रॉडवे संगीतिकेच्या आरंभीच एक जुगारी ज्या घोड्याची भलामण करतो त्याचे नाव पॉल रिव्हियर, आणि बीस्टी बॉइज यांच्या १९८६च्या 'पॉल रिव्हियर' या रॅपमध्येही हे नाव घोड्यालाच मिळाले आहे. कवितेने नाव आणि घोडा यांची गाठ इतकी पक्की बांधली की गीतकारांना स्वाराची गरजच उरली नाही.

घंटानाद:
वरील सारा वारसा उसन्या नावाचा आहे. रिव्हियर यांच्या स्वतःच्या हातचा सांगीतिक वारसा निराळाच आहे आणि माझ्या मते तोच अधिक मोलाचा आहे. पेशाने ते चांदीचे कारागीर आणि ताम्रपट कोरणारे होते. १७६४ मध्ये जोसाया फ्लॅग यांच्या स्तोत्रसंग्रहाच्या कोरीवकामात त्यांचा हात होता. १७७० मध्ये, म्हणजे ब्रिटिश सैनिकांनी बॉस्टनमध्ये केलेल्या गोळीबाराचे गाजलेले चित्र छापले त्याच वर्षी, संगीतकार विल्यम बिलिंग्ज यांच्या 'न्यू इंग्लंड साम सिंगर' या स्तोत्रसंग्रहाचे मुखचित्र त्यांनी कोरले. त्यात गायक टेबलाभोवती बसले आहेत आणि स्वरलिपी त्यांच्याभोवती वर्तुळाकार फिरते.

पोरवयात ते त्याच ओल्ड नॉर्थ चर्चमध्ये घंटा वाजवत असत, आणि युद्धानंतर त्यांनी ओतशाळा काढून घंटा ओतायला घेतल्या. बॉस्टनच्या किंग्ज चॅपलमधील १८१६ची घंटा त्यांच्याच ओतशाळेतली आहे.

जुनी बखर:
एक पुरवणी जोडतो. स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांविरुद्ध काढलेल्या १७७९च्या पेनॉब्स्कॉट मोहिमेचा पुरता बोजवारा उडाला आणि रिव्हियर यांच्यावर आज्ञाभंगाचे व भेकडपणाचे आरोप झाले. १७८२ मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. कवितेत याचा उल्लेख नाही, आणि ज्या गाण्यांचा विषय निघाला त्यांतही नाही.