विषय: रविवारचं हळदीकुंकू, मोठा हॉल नक्की कोणाला?

विनायक:
नमस्कार मंडळी, परत एकदा सांगतो, दीड ते अडीच मोठा हॉल एजीएमसाठी (मंडळाच्या वार्षिक सभेसाठी) आहे, बुकिंग केव्हाचं झालंय. मेधाताईंचं ओव्हरीच्या (अंडाशयाच्या) कॅन्सरवरचं सेशन मागच्या छोट्या खोलीत घ्यावं. आणि फ्लायरवर लैंगिक संसर्ग वगैरे एवढं ठळक कशाला, तो देवळातल्या बोर्डावर पण लागतो. चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे, जरा भान ठेवूया.

शर्मिला:
विनायकराव, छोट्या खोलीत खुर्च्या तीस आणि नावं आत्ताच पन्नासच्या वर गेलीत. मागच्या वर्षी त्या खोलीत योगाच्या वेळी काय झालं ते सगळ्यांच्या लक्षात आहे. फ्लायर मी केलाय, तिसरं व्हर्जन आहे, आता त्यात कोणी हात घालू नका. एचपीव्ही व्हायरसचं छान चित्र पण टाकलंय.

मेधा:
शर्मिला, बाकी मस्त झालंय पण ते चित्र काढ. एचपीव्हीमुळे होतो तो गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. मी बोलणार आहे ओव्हरीच्या कॅन्सरबद्दल, तिथे एचपीव्हीचा तसा पक्का पुरावा नाही, तिथे नाव येतं क्लॅमिडियाचं, म्हणजे संबंधातून पसरणाऱ्या एका जंतूचं. २०१९ मध्ये पोलंड आणि अमेरिकेतल्या बायकांच्या रक्तावरचा अभ्यास आला, ज्यांच्या रक्तात जुन्या क्लॅमिडियाच्या अँटीबॉडीज (होऊन गेलेल्या संसर्गाच्या खुणा) होत्या त्यांच्यात हा कॅन्सर साधारण दुप्पट दिसला. आता दुप्पट ऐकून लगेच घाबरू नका, इथे यूकेत आयुष्यभराचा धोकाच शंभरात दोनच्या आसपास आहे.

सुलभाकाकू:
मेधा, मी स्मिअर कधी चुकवला नाही, दर वेळी नॉर्मल येतो. मग ओव्हरीचं आणखी वेगळं काय राहिलं? आणि आमच्या पिढीत एकच नवरा, आम्हाला कुठला आलाय संसर्ग.

(विनायक, कैरी कोण आणतंय ते अजून कोणी लिहिलं नाही. फ्रोझन चालणार नाही, डाळीला पाणी सुटतं.)

मेधा:
काकू, स्मिअरमध्ये फक्त गर्भाशयाचं मुख तपासतात, ओव्हरीपर्यंत ते पोचतच नाही. ओव्हरीसाठी सरसकट करायची तपासणीच नाही. इथे दोन लाख बायकांवर मोठी ट्रायल झाली, काहींची दरवर्षी सीए-१२५ ही रक्ततपासणी, काहींची सोनोग्राफी, आणि २०२१ मध्ये निकाल लागला की त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून लक्षणं ओळखणं महत्त्वाचं: पोट सतत फुगणं, दोन घासात पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखी लघवीला लागणं. हे नव्याने सुरू झालं आणि महिन्यात बारापेक्षा जास्त दिवस व्हायला लागलं तर जीपीकडे (आपल्या फॅमिली डॉक्टरकडे) जायचं आणि सीए-१२५ करा असं स्पष्ट म्हणायचं.

आणि एकच नवरा म्हणालात, पण नवऱ्याचं आधीचं काय ते आपल्याला कुठे माहीत असतं? बहुतेक बायकांना क्लॅमिडिया झालेला कळतसुद्धा नाही.

अनघा:
मेधाताईंचं शंभर टक्के खरं. माझी सांगलीची मावशी, सहा महिने ॲसिडिटीच्या गोळ्या घेत होती. जेवण निम्म्यावर आलेलं आणि परकराची नाडी मात्र दर थोड्या दिवसांनी सैल करायची, आम्ही म्हणायचो मावशी बसून बसून पोट सुटलं तुझं. पोटात पाणी झालं तेव्हा कुठे सोनोग्राफी झाली. तिला क्लॅमिडिया होता की नव्हता कोण जाणे, कोणी विचारलं पण नाही आणि विचारलं असतं तर तिने लाटणंच फेकून मारलं असतं. पण नाडीचं लक्षात ठेवा सगळ्याजणी.

नितीन:
एक शंका. मग मुलींना अँटिबायोटिक दिलं की कॅन्सर टळला, असं का? की उगाच घाबरवतोय आपण? संबंध दिसणं वेगळं आणि कारण असणं वेगळं.

मेधा:
नितीन, बरोबर. कारण म्हणून सिद्ध झालेलं नाही, आणि उपचाराने हा कॅन्सर टळतो असंही कोणी दाखवलेलं नाही. अंदाज असा की संसर्ग वर चढतो, गर्भाशयाच्या नळ्यांना सूज राहते, आणि ओव्हरीचे म्हणतात त्यातले बरेचसे कॅन्सर मुळात नळीच्या टोकाशी सुरू होतात. पण उपचार करायला ते कारण हवंच कशाला? नळ्या बंद होणं, मूल न राहणं, नळीत गर्भ राहणं, एवढं पुरे आहे. आठवड्याभराच्या गोळ्यांचं काम. पंचविशीच्या आतल्या मुलींसाठी इथे दरवर्षी टेस्ट सांगतात, किट पोस्टाने घरी मागवता येतं, फुकट, घरच्यांना कळवत नाहीत. म्हणून मला युनिव्हर्सिटीतल्या मुली हव्यात, त्यांच्या आया नकोत असं नाही, पण मुली हव्यातच.

सुलभाकाकू:
गर्भनिरोधक पिलने कॅन्सर होतो म्हणून सासूबाईंनी मला ती कधी घेऊ दिली नाही. ते पण सांग हो त्या दिवशी.

मेधा:
काकू, ओव्हरीच्या बाबतीत उलट आहे, पिल घेतलेल्या दर पाच वर्षांमागे धोका साधारण वीस टक्क्यांनी कमी होतो. स्तनाच्या कॅन्सरचं थोडं वेगळं आहे, ते तिथे बोलू.

विनायक:
हे सगळं ठीक, पण हॉलचं कोणीच बोलत नाहीये. बायका छोट्या खोलीत गेल्या तर एजीएमचा कोरम होत नाही, मंडळाच्या घटनेप्रमाणे एक तृतीयांश सभासद हॉलमध्ये हवेत. मागच्या वेळी याच कारणाने हिशेब लटकले आणि बोलणी कोणी खाल्ली? मी.

शर्मिला:
मग एजीएम जेवणानंतर घ्या. किंवा हिशेब ईमेलवर पाठवा, तसंही ते कोणी ऐकत नाही.

मेधा:
एक सुचवू? सेशन मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांसाठीच करू, पुरुषांसकट, आणि संपलं की तिथेच एजीएम. संसर्ग काय हवेतून येतो का? बाईला गोळ्या दिल्या आणि घरच्या माणसाने घेतल्या नाहीत तर परत पहिले पाढे पंचावन्न. कोरम पण आपोआप होईल.

विनायक:
हळदीकुंकवाला पुरुष?

नितीन:
जेवायला असतातच की.

विनायक:
ठीक आहे. सेशन एक ते पावणेदोन, मोठा हॉल, पावणेदोनला एजीएम, एक मिनिट उशीर नको. लहान मुलं छोट्या खोलीत, त्यांच्याकडे नितीन बघेल. फ्लायर शर्मिलाने बदलावा, पण देवळाच्या बोर्डावर मी लावणार नाही.

शर्मिला:
मी लावते. नितीन, तुझ्याकडचा प्रोजेक्टर चालू आहे ना, की दिवाळीला गेला तसाच?

अनघा:
काकू, कैरी मी आणते, ताजी मिळाली तर. नाही मिळाली तर नुसतं पन्हं.