शब्दचर्चा : बॉम्ब ‘निकामी’ केला, ‘नष्ट’ केला की त्याची ‘विल्हेवाट’ लावली?

लिपिका : लष्कराच्या बॉम्ब डिस्पोजल तुकडीवरच्या एका माहितीपट मालिकेची मराठी उपशीर्षकं करायची आहेत. तुकडी परदेशी, संवाद इंग्रजी. पहिल्याच भागात तीन वेगळ्या क्रिया दिसतात. एकदा फ्यूज, म्हणजे स्फोट सुरू करणारा भाग, काढून घेतात, एकदा पाण्याच्या झोताने सर्किट तोडतात, एकदा जागच्या जागी उडवून देतात. कच्च्या मसुद्यात तिन्ही ठिकाणी ‘बॉम्ब निकामी केला’ आलंय. चालेल का? आणि तुकडीचं नाव काय लिहावं?

गोदीकाठ : बातम्यांत चालतं, पण इथे चालवू नका. निकामी म्हणजे ज्याचं काम संपलं ते. इंजिन निकामी होतं, मूत्रपिंड निकामी होतं. वस्तू जागेवरच असते, फक्त काम करत नाही. त्यामुळे फ्यूज काढला किंवा सर्किट तोडलं तर ‘निकामी केला’ हे नेमकं आहे. स्फोटक, तारा, बॅटरी सगळं शिल्लक राहतं आणि तपासणीला जातं. शेजारी दुसरं स्फोटक ठेवून उडवला तर मागे खड्डा आणि तुकडे उरतात. तिथे ‘जागीच उडवून नष्ट केला’ हवं. पडद्यावर धुराचा लोट आणि खाली ‘निकामी’, हे वाचणाऱ्याला खटकतं.

पाण्याच्या झोताबाबत आणखी जपा. ते अग्निशमन नव्हे. जाड नळीत थोडं पाणी आणि मागे काडतूस, अशी ती छोटी तोफच असते. सर्किटला काम करायला वेळ मिळण्याआधी झोत ते विस्कटून टाकतो. ‘पाण्याचा मारा करून विझवला’ असं भाषांतर सर्रास दिसतं, ते साफ चूक. दुसरं म्हणजे झोत चुकला तर वस्तू फुटूही शकते, म्हणूनच तो दुरून मारतात. तेव्हा त्या क्षणी फक्त ‘झोत मारला’ लिहा. ‘निकामी झाला’ हे शब्द कुणीतरी जाऊन तपासल्यानंतरच यावेत.

जुनी पोथी : ‘फ्यूज’ तसाच ठेवायचा का, हाही प्रश्न आहे. मराठीत फ्यूज म्हटलं की आधी विजेची पेटी आठवते. इंग्रजीत जळणारी दोरी आणि तोफगोळ्यातलं यंत्र यांची स्पेलिंगं लष्करी वापरात वेगळी ठेवतात. देवनागरीत दोन्ही ‘फ्यूज’च. दोरीसाठी आपल्याकडे ‘वात’ आहे, तोफेच्या काळातली ‘जामगी’ आहे आणि ‘बत्ती देणे’ तर अजून जिवंत आहे. दोरी असेल तिथे ‘वात’ आणि यंत्र असेल तिथे ‘फ्यूज’, एवढं पाळलं तरी घोटाळा मिटेल.

जाता जाता, ‘बॉम्बगोळा’ विसरू नका. १९०८ मध्ये केसरीच्या अग्रलेखांत हाच शब्द होता, आणि त्या लेखांवरून मुंबई उच्च न्यायालयात खटला चालला तेव्हा टिळकांनी सरकारी भाषांतरातल्या शब्दांवर हरकत घेतली होती. मालिकेत मात्र तो जुनाट वाटेल.

खाणकाम : माझा आक्षेप ‘जिवंत’ या शब्दावर आहे. पोलिसी मराठीत न झाडलेलं काडतूस जिवंत, न फुटलेला बॉम्बही जिवंत. पण कोठारातला तोफगोळा आणि डागूनही न फुटलेला तोफगोळा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गोळा तोफेतून सुटताना बसणारा जोराचा धक्का आणि त्याचं स्वतःभोवती फिरणं, यांनी फ्यूजमधले अडसर सरकतात. त्याआधी तो हाताळता येतो. त्यानंतर तो आपटून न फुटता पडला तर आतलं काय कुठे अडकलंय हे बाहेरून कळत नाही, म्हणून तो हलवत नाहीत. दोन्हींना ‘जिवंत’ म्हटलं तर तुकडी एक गोळा उचलते आणि दुसऱ्याला हात का लावत नाही, हे प्रेक्षकाला उमगणारच नाही.

‘फुसका’ तर मुळीच नको. फुसका बार म्हणजे ज्यात दम नाही असा. दिवाळीत फुसका समजून फटाक्याजवळ गेलेल्या मुलांचे हात भाजतात. विहिरीच्या सुरुंगातही न उडालेला बार हाच सर्वांत घातक. ‘न फुटलेला’ लिहा.

लिपिका : आणि ‘माइन’, ‘राउंड’, ‘शेल’, ‘ऑर्डनन्स’?

गोदीकाठ : भूसुरुंग, काडतूस किंवा गोळा, तोफगोळा, दारूगोळा. मशीनने दिलेल्या मसुद्यात यांचं खाण, फेरी, कवच आणि चक्क अध्यादेश झालेलं असतं, ते आधी शोधून काढा. ‘ऑर्डनन्स’ कारखान्याच्या नावात असेल तर अंबरनाथच्या पाटीसारखं ‘आयुध निर्माणी’. ‘सुरुंग’ बाबत एवढंच की हिंदीत सुरंग म्हणजे भुयारही, मराठीत ते आता मागे पडलंय.

जुनी पोथी : शब्द तसा फार जुना. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘सुरुङ्गा’ भुयारासाठीच येतो, आणि त्याचं मूळ ग्रीक सिरिंक्समध्ये, म्हणजे नळी या अर्थाच्या शब्दात, असल्याचं मानतात. क्रियापदं मात्र आपली नीट वापरा. खडकात सुरुंग ‘लावतात’, वाटेवर भूसुरुंग ‘पेरतात’.

शीव-पनवेल : नावाबद्दल. मुंबई पोलिसांचं आहे ते ‘बॉम्बशोधक व नाशक पथक’. ते पोलिसांचंच राहू द्या. लष्करी तुकडीला लावलं तर प्रेक्षक खाकी वर्दी शोधेल. हिंदीतलं ‘बम निरोधक दस्ता’ही उचलू नका. निरोध म्हणजे रोखणं, ते हे काम नव्हे. आणि मराठीत दस्ता कागदांचा. ‘विल्हेवाट’ अर्थाने सर्वांत जवळचा, कारण त्यात निकामी करणं, नष्ट करणं, वाहून नेणं सगळं येतं. पण कचरा आणि प्रेत यांच्या बातम्यांनी त्या शब्दाला वेगळाच वास आलाय. ‘बॉम्ब निकामी करणारी तुकडी’ लांब आहे, तरी लगेच कळतं. पहिल्यांदा पूर्ण, पुढे नुसतं ‘तुकडी’.

यंत्रांची नावं भाषांतरित करू नका. ब्रिटिशांनी १९७२ मध्ये उत्तर आयर्लंडसाठी केलेल्या दूरनियंत्रित यंत्राचं नाव ‘व्हीलबॅरो’. ते ‘हातगाडी’ झालं तर माणूस गाडी ढकलत निघालाय असं वाटेल. डीआरडीओच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेने केलेल्या, जिने चढणाऱ्या यंत्रमानवाचं ‘दक्ष’ हे नाव आपण कुठे बदलतो?

लिपिका : एक ओळ अडलीय. अधिकारी खाली वाकून सांगतो की फ्यूज ‘आर्म्ड’ आहे. ‘सशस्त्र’ अर्थातच नाही. ‘सज्ज’ लिहिलंय.

जुनी पोथी : सज्ज म्हटलं की स्वागताला सज्ज, निवडणुकीला सज्ज. धोका त्यात ऐकू येत नाही. बंदुकीचा घोडा ‘चढवलेला’ असतो, त्यातून काही घ्या.

खाणकाम : ‘खटका चढलाय. हलवू नका.’ दोन ओळींत बसतं, आणि मघाचा तो फरकही त्यात येतो.

लिपिका : हेच घेते. त्या भागातले ‘जिवंत’ आता एकेक करून तपासते.