मदत हवी आहे: डासाच्या पोटातल्या सूक्ष्मजीवाबद्दल कॉलनीतल्या लोकांना काय सांगू? (केनिया)

नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी आमच्या कॉलनीत मीटिंग आहे आणि बोलायचं माझ्या गळ्यात पडलंय, म्हणून हा धागा. जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

मी वाळवा तालुक्यातला. चार वर्षं झाली, पश्चिम केनियात एका साखर कारखान्यात शिफ्ट केमिस्ट आहे. किसुमूहून पूर्वेला निघालं की आहेरोची भातशेती लागते (नाव वाचून मला पहिल्यांदा लग्नातला अहेरच आठवला होता), पुढे ऊस. भात आणि ऊस म्हणजे पाणी, पाणी म्हणजे डास. मलेरिया इथं कुणाला नवा नाही. मला तीनदा झाला, मुलीला मागच्या जूनमध्ये. तिला थंडी भरली तेव्हा घरातल्या तिन्ही रजया अंगावर टाकूनही पलंग हलत होता.

तर महिन्यापूर्वी पहाटे सहाला रात्रपाळी संपवून येत होतो. आमच्या अस्करीच्या, म्हणजे रखवालदाराच्या, गोठ्यात दोन पोरं दिसली. एकाच्या तोंडात रबरी नळी, दुसऱ्याच्या हातात बॅटरी. गाईमागच्या भिंतीवर बूड वर करून बसलेले डास पहिला नळीनं अलगद ओढायचा आणि कागदी कपात सोडायचा. कपाला जाळी, जाळीवर साखरपाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा. साखर आमचीच असावी.

एका संशोधन केंद्राची माणसं होती. त्यांना पावसाळाभर या गोठ्यातून डास आणि क्वार्टर्समागच्या चारीतून अळ्या न्यायच्या आहेत, आणि ते यायच्या आदल्या रात्री आम्ही धूर मारू नये एवढीच विनंती. शोधतायत 'मायक्रोस्पोरिडिया एमबी' नावाचा सूक्ष्मजीव.

झालं, व्हॉट्सअॅप ग्रुपवर आग लागली. "आपल्या पोरांवर प्रयोग", "जंतू सोडणार", कुणी त्यात जनुकं बदललेले डासही आणले. साहेब म्हणाले, तू केमिस्ट, तूच समजाव. अहो, मला रसाचा पीएच कळतो, डासाचं पोट नाही.

वाचून जेवढं कळलं ते असं. नैरोबीच्या 'इसिपे' या कीटक संशोधन संस्थेच्या आणि ग्लासगो विद्यापीठाच्या लोकांनी २०२० मध्ये जाहीर केलं की इथल्या अॅनोफिलीस अरेबिएन्सिस या मलेरिया पसरवणाऱ्या डासांपैकी काहींच्या अंगात हा जीव मुळातच असतो, आणि ज्यांच्यात तो असतो त्यांच्यात मलेरियाचा परजीवी वाढत नाही. डासाला त्याचा त्रास दिसत नाही. मादीकडून तो अंड्यांत उतरतो, आणि नर-मादीच्या संबंधातूनही पसरतो हे नंतर कळलं. पण तो सापडतो फार थोड्या डासांत, शेकड्यात चार-पाच, कुठे एकही नाही.

माझे प्रश्न:

हा माणसाला होऊ शकतो का? मीटिंगमध्ये पहिला प्रश्न हाच येणार.

हे लोक डास न्यायला आलेत, पण उद्या सोडायला आले तर?

आणि तिसरा माझ्या आईचा, ती सहा महिन्यांसाठी आलीय. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण चावायचा तो चावणारच ना?" मला उत्तर देता आलं नाही.

——

तुतीवाला:

मायक्रोस्पोरिडिया शब्द वाचून दचकलो. आम्ही रेशीम करतो. आमच्याकडे पेब्रीन म्हणतात तो रोग याच गटातला. अळीच्या अंगावर मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके, आणि अख्खी बॅच हातची जाते. तोही आईकडून अंड्यात येतो. म्हणून अंडीपुंज केंद्रात पतंगिणीनं अंडी घातली की त्या पतंगिणीलाच चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बीजाणू दिसले की तिची सगळी अंडी नष्ट. पाश्चरनं १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये घालून दिलेली पद्धत, आजही तीच. तुमच्याकडे हा रोग मुद्दाम पसरवायचा म्हणतात?

——

किडेमुंगी:

@तुतीवाला, तुम्ही नकळत मुद्द्यावर बोट ठेवलंत. तिथे हेच काम उलटं चालतं. रानातून पोट भरलेली, अंड्यावर आलेली मादी पकडायची, एकेकीला वेगळ्या नळीत ठेवून अंडी घालू द्यायची आणि मग तिला तपासायचं. एमबी सापडला तर तिची अंडी जपायची, नाही तर बाजूला. तुम्ही 'आई रोगी म्हणून अंडी जाळा' म्हणता, ते 'आईत आहे म्हणून अंडी वाढवा' म्हणतात. हा जीव जिवंत पेशीबाहेर वाढत नाही, जिवाणूसारखा बाटलीत वाढवायची सोय नाही. म्हणून पहाटे गोठ्यात नळी घेऊन हिंडावं लागतं.

धागाकर्ते, आता तुमचे प्रश्न. (कीटकशास्त्र शिकलोय, सध्या पोट दुसऱ्याच धंद्यावर आहे.)

पहिला. या गटातल्या काही जाती माणसाला, विशेषतः प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना, त्रास देतात. हे लपवू नका, कुणीतरी मोबाइलवर शोधून तोंडावर फेकेल. पण एमबी सापडलाय तो अॅनोफिलीस डासांत, आणि मुख्य म्हणजे तो तुमच्या चारीत आधीपासून आहे. कुणी आणून टाकलेला नाही. त्याची जनुकंही कुणी बदललेली नाहीत.

दुसरा. पुढे सोडायचा विचार आहेच, नाही म्हणू नका. फरक पडायला एखाद्या भागातल्या निदान ४० टक्के डासांत तो हवा असा संशोधकांचा अंदाज होता, आणि चार-पाचावरून चाळीसवर तो आपोआप जाणार नाही. एक वाट बीजाणू सोडण्याची, दुसरी लागण झालेले नर सोडण्याची. नर चावत नाही, तो फुलाच्या रसावर जगतो. मीटिंगमध्ये एवढं एक वाक्य नीट सांगितलंत तरी अर्धी आग विझेल. परवानगी देताना मात्र लेखी घ्या: सध्या फक्त नेणार, काही सोडायचं असेल तर नव्यानं विचारणार.

तिसरा. आईंना सांगा, चावणारच. पण चावा म्हणजे मलेरिया नव्हे. रुग्णाला चावल्यावर परजीवी डासाच्या आतड्याच्या भिंतीत शिरतो, तिथे वाढतो आणि दहा-बारा दिवसांनी लाळेच्या ग्रंथीत पोचतो. त्यानंतरचाच चावा धोक्याचा. एमबीवाल्या मादीत हा प्रवास पुरा होत नाही. ती खाज देईल, ताप नाही.

——

आडवा प्रश्न:

म्हणजे डास जगवायचे? इंडोनेशियात योग्यकर्त्याला वोल्बाकिया जिवाणूवाले डास सोडून डेंग्यू ७७ टक्क्यांनी घटला म्हणतात. मग तेच इथं का नाही?

——

किडेमुंगी:

ते डास एडिस, रोग डेंग्यूचा. वोल्बाकिया जिवाणू एडिस इजिप्तीमध्ये नव्हता, प्रयोगशाळेत घालावा लागला. अॅनोफिलीसमध्ये तो टिकवणं फार जड गेलंय. म्हणून तर मुळातच अॅनोफिलीसमध्ये राहणारं काहीतरी सापडलं याची एवढी चर्चा. असं आणखी एक उदाहरण आहे. स्पेनमध्ये एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या डासांत मलेरियाचा परजीवी वाढेचना. लोक वैतागले. शोधल्यावर डासांच्या आतड्यात डेल्फ्टिया नावाचा जिवाणू निघाला, तो हार्मेन हे द्रव्य सोडून परजीवीला रोखत होता. २०२३ मध्ये ते छापून आलं, बुर्किना फासोत जाळीबंद आवारात चाचणीही झाली.

डास जगवायचे असं कुणी म्हणत नाही. अरेबिएन्सिस बाहेरही चावतो, गुरांचंही रक्त पितो, गोठ्यात विसावतो. घरातली मच्छरदाणी त्याला पुरी पडत नाही, म्हणून ही जोडीची तजवीज. मच्छरदाण्या काढू नका, टाक्या उघड्या ठेवू नका, पोरांना ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा. धूर ठरल्या रात्री टाळा, एवढंच.

——

धागाकर्ता:

सगळ्यांचे आभार. पतंगिणीचा दाखला मीटिंगमध्ये वापरणार आहे. आमच्यात तासगावचे एक काका आहेत, त्यांनी तुती लावून पाहिलीय. ते विरोधकांचे पुढारी आहेत.

'खाज देईल, ताप नाही' हे आईला वाचून दाखवलं. म्हणाली, बरं, मग त्या पोरांना चहाला बोलव, आणि न्यायचेच असतील तर आमच्या बाथरूममधलेही न्या म्हणावं.

——

किडेमुंगी:

बाथरूममधले बहुतेक क्युलेक्स, म्हणजे वेगळ्याच गटातले डास, असतील. ते त्यांना नकोत.