मदत हवी आहे : संशोधन पुरस्काराच्या निकषांत प्रभावाला किती टक्के भार द्यावा?

कोरा_कागद
नमस्कार. आमच्या विद्यापीठातर्फे संशोधनासाठी एक पुरस्कार सुरू होत असून त्याचे निकष लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. संशोधनाची उत्कृष्टता आणि समाजावर झालेला त्याचा प्रत्यक्ष प्रभाव या दोन्हींची दखल घ्यावी, एवढीच सूचना मिळाली आहे. शोधनिबंधांची संख्या, उद्धरणे (इतर संशोधकांनी त्या निबंधांचे दिलेले संदर्भ), एच-इंडेक्स (निबंध आणि उद्धरणे यांवरून काढलेला एकच आकडा) आणि पेटंटे यांना गुण देणारा तक्ता मी तयार केला होता, पण पहिल्याच बैठकीत त्याला दोन बाजूंनी विरोध झाला. मसुदा सोमवारी द्यायचा आहे. तेव्हा तात्त्विक चर्चेत न शिरता, प्रभावाला किती टक्के भार द्यावा एवढे कोणी सांगितल्यास उपकार होतील.

दुर्बीण
टक्केवारी सांगण्यापूर्वी काही गोष्टी कळायला हव्यात. पुरस्कार व्यक्तीला आहे, गटाला आहे की एखाद्या विशिष्ट संशोधनाला? सर्व विद्याशाखांचा विचार एकत्र होणार आहे का? किती वर्षांपूर्वीचे काम ग्राह्य धरायचे? आणि विरोध नेमका कोणी, कशासाठी केला, हे तर आपण लिहिलेलेच नाही.

संख्यावेडा
विचारणाऱ्याला आकडा हवा आहे, तर आकडा द्यावा. ब्रिटनमध्ये विद्यापीठीय संशोधनाचे जे राष्ट्रीय मूल्यमापन होते, म्हणजे 'रिसर्च एक्सलन्स फ्रेमवर्क', त्यात २०१४ साली प्रभावाला २० टक्के भार होता आणि २०२१ साली तो २५ टक्के करण्यात आला. उरलेल्या ७५ पैकी ६० टक्के प्रकाशित कामाला आणि १५ टक्के संशोधनाच्या वातावरणाला होते. आपण २५ लिहा आणि मोकळे व्हा.

प्रयोगवही
संख्यावेडा, आपले आकडे बरोबर आहेत, पण ते येथे लागू पडत नाहीत. त्या मूल्यमापनात गुण व्यक्तीला नव्हे, तर विद्यापीठाच्या त्या त्या विषयातील एकूण कामाला मिळतात, आणि प्रभाव मोजला जातो तो लिखित प्रकरण-अभ्यासांवरून. अमुक बदल घडला, तो अमुक संशोधनामुळे घडला आणि त्याचा पुरावा हा, अशी ती मांडणी असते व तज्ज्ञांचे मंडळ ती वाचून निर्णय देते. याहून महत्त्वाचे असे की, ज्या संशोधनावर तो प्रभाव आधारलेला आहे, त्याचा दर्जा मौलिकता, महत्त्व आणि काटेकोरपणा या कसोट्यांवर किमान आंतरराष्ट्रीय मान्यतेचा असावा, अशी २०२१ च्या फेरीत अटच होती. म्हणजे प्रभावाच्या दाव्यापुरता दर्जा हा उंबरठा ठरत होता. तो ओलांडल्याशिवाय प्रभावाचा विचारच होत नसे. विचारणाऱ्यांनी उचलायचे असेल तर हे उचलावे.

उपयोजक
माझा अनुभव सांगतो. प्रभाव दाखवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे पेटंट. मात्र अनेक देशांत निबंध आधी प्रसिद्ध झाला की नावीन्य संपले असे मानले जाते, त्यामुळे अर्ज आधी करावा आणि निबंध नंतर पाठवावा. आमच्याकडील तरुण संशोधकांना हे वेळेवर कोणी सांगत नाही.

कोरा_कागद
उपयोजक, माहिती उपयुक्त आहे, परंतु पेटंट कसे घ्यावे हा माझा प्रश्न नव्हता. दुर्बीण यांच्या शंकांची उत्तरे : पुरस्कार एकच आहे, तो व्यक्तीला द्यायचा आहे आणि सर्व विद्याशाखा त्यात आहेत. कालमर्यादा ठरलेली नाही. विरोध गणित विभागाने केला, कारण प्रभावाच्या रकान्यात त्यांना कायम शून्यच मिळणार. आणि समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनी केला, कारण त्यांच्या अभ्यासामुळे एका सरकारी योजनेचे नियम बदलले, तरी माझ्या तक्त्यात त्यासाठी जागाच नाही. शिवाय आमच्या नियमावलीप्रमाणे निवड समितीला एकूण गुण जाहीर करावे लागतात. हे सर्वांना ठाऊकच असेल असे वाटले होते.

निवृत्त_परीक्षक
हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि खरी अडचण नेमकी हीच आहे. एकूण गुण द्यायचे म्हटले की दोन भिन्न गोष्टींची बेरीज करावी लागते.

आधी आपल्या तक्त्याविषयी. एच-इंडेक्स भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ साली मांडला. तो वयाबरोबर वाढतो, कधी घटत नाही, आणि उद्धरणांचे प्रमाण विषयागणिक वेगळे असल्याने जीवशास्त्रज्ञ आणि गणितज्ञ यांची तुलना त्यावरून करता येत नाही. इम्पॅक्ट फॅक्टर (नियतकालिकातील निबंधांना सरासरी किती उद्धरणे मिळतात तो आकडा) तर नियतकालिकाचा असतो, निबंधाचा नव्हे. संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या २०१२ सालच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात त्यावरून व्यक्तीचे मोल ठरवू नये असे स्पष्ट म्हटले आहे.

आता प्रभावाविषयी. १९९८ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांचा एक निबंध आला आणि त्यातून गोवर-गालगुंड-रुबेलाची लस आणि स्वमग्नता यांचा संबंध असल्याची भीती पसरली. निबंध २०१० साली मागे घेण्यात आला. त्याला उद्धरणे भरपूर मिळाली आणि समाजावर परिणामही मोठा झाला, कारण असंख्य पालकांनी मुलांना लस देणे टाळले. आपल्या तक्त्यात काय, आणि केवळ परिणामाची व्याप्ती पाहणाऱ्या कोणत्याही तक्त्यात काय, हे काम वरचे स्थान मिळवेल. म्हणून दर्जाचा उंबरठा हवा आणि परिणाम हिताचा आहे का, हाही प्रश्न हवा.

उलट टोकाचे उदाहरण असे. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ थॉमस ब्रॉक यांना १९६६ साली अमेरिकेतील यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांत एक जिवाणू सापडला. केवळ जिज्ञासेपोटी झालेले ते काम होते, परंतु त्याच जिवाणूपासून मिळालेल्या उष्णतारोधक विकरामुळे (एन्झाइममुळे) पुढे १९८० च्या दशकात पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती बनवण्याचे तंत्र, सोयीचे झाले. पाच वर्षांची मर्यादा घालणाऱ्या समितीने ब्रॉक यांना प्रभावाचे गुण दिलेच नसते.

संख्यावेडा
उदाहरणे उत्तम आहेत, परंतु वर्णनावर निवड केली की ज्याला चांगले लिहिता येते तो जिंकतो. आकडा निदान पडताळता येतो. शिवाय पाच सदस्यांची समिती सगळ्या विषयांतली वर्णने पारखणार कशी?

प्रयोगवही
आक्षेप रास्त आहे, म्हणूनच वर्णन लहान आणि पुरावा सक्तीचा ठेवावा. या संशोधनामुळे विद्यापीठाबाहेर कोणी काय वेगळे केले, हे ज्यांनी ते केले त्यांच्याच कागदपत्रांवरून दाखवता आले पाहिजे : बदललेल्या नियमाचा मजकूर, उपचाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे, वापरकर्त्या संस्थेचे पत्र. वृत्तपत्रातील कात्रण पुरावा धरू नये; त्यावरून लक्ष वेधले गेले एवढेच कळते. आणि बदल घडवण्यात इतरांचाही वाटा असतोच, तेव्हा संपूर्ण श्रेय मागणाऱ्या अर्जाकडे मी तरी संशयाने पाहीन. समाजशास्त्राच्या त्या प्राध्यापकांना या पद्धतीत अडचण येणार नाही.

कोरा_कागद
म्हणजे दर्जाची किमान अट बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घ्यायची, ती पूर्ण करणाऱ्यांनाच पुढे न्यायचे आणि जाहीर होणारे गुण केवळ प्रभावाला द्यायचे, असे मी समजतो. यात बेरीज टळते. परंतु गणित विभागाचे काय?

निवृत्त_परीक्षक
त्यांच्यासाठी दुसरा पुरस्कार मागून घ्या, निव्वळ उत्कृष्टतेचा. निधी तेवढाच असेल तर तो विभागावा. एकाच पुरस्कारात दोन्ही बसवण्याचा हट्ट धरलात तर दरवर्षी हीच बैठक होईल. कालमर्यादाही एक नको, दोन हव्यात : ब्रिटनच्या २०२१ च्या फेरीत प्रभाव ऑगस्ट २०१३ पासूनचा लागत होता, परंतु मूळ संशोधन २००० पर्यंत मागचे चालत होते.

संख्यावेडा
मी अजूनही २५ वर ठाम आहे.

दुर्बीण
सुधारित मसुदा रविवारपर्यंत येथे दिलात तर वाचून सूचना करता येतील. बाहेरचे तज्ज्ञ कोण नेमणार आणि ते उमेदवाराचे सहलेखक नाहीत हे कोण तपासणार, हे मात्र आपण अजून सांगितलेले नाही.